फेरिक क्लोराईडची नक्की कुठली ग्रेड घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मला फेरिक क्लोराईड दोन कामांसाठी हवंय, एक म्हणजे तांब्याच्या पीसीबीचं (सर्किट बोर्डाचं) एचिंग, म्हणजे नको तिथलं तांबं विरघळवणं, आणि दुसरं मुलांना फिनॉलची टेस्ट दाखवायचीय, सॅलिसिलिक अ‍ॅसिडमध्ये दोन थेंब टाकले की जांभळा रंग येतो ती. पण ऑर्डर करायला बसले तर एकावर अ‍ॅनहायड्रस (पाणीविरहित) ९७ टक्के, दुसऱ्यावर हेक्झाहायड्रेट ९८ टक्के, तिसरं नुसतं ४० टक्के द्रावण, त्यात परत एलआर (प्रयोगशाळेतल्या साध्या प्रयोगांचं), एआर (विश्लेषणासाठीचं, जास्त शुद्ध), टेक्निकल (कारखान्यातल्या कामाचं)! ९८ वालं जास्त शुद्ध समजायचं का? आणि आधीच्या बाटलीतले पिवळे खडे उन्हाळ्यात चक्क वितळून तपकिरी पाणी झालंय, ते वाया गेलं का? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
टक्के असे थेट कंपेअर करू नका. ९८ टक्के म्हणजे लेबलवर जो फॉर्म्युला आहे तो ९८ टक्के, आणि हेक्झाहायड्रेटमध्ये सहा पाण्याचे रेणू धरलेले असतात, त्यामुळे त्यात खरं फेरिक क्लोराईड वजनाने ६० टक्केच. रेणूभार बघा, १६२.२ आणि २७०.३, म्हणजे १०० ग्रॅम अ‍ॅनहायड्रसचं काम करायला साधारण १६७ ग्रॅम हेक्झा लागतं. खडे वितळले त्यात नवल नाही, हेक्झाचा वितळणबिंदूच ३७ अंश आहे आणि हवेतलं पाणी पण ते भराभर ओढतं. झाकण घट्ट असेल तर माल चांगलाच आहे, फक्त पाणी किती ओढलंय ते कळत नाही म्हणून मोजून करायच्या कामाला वापरू नका, एचिंगला बिनधास्त वापरा.

एचिंगला टेक्निकल ग्रेड किंवा ते ४० टक्के द्रावण पुरतं, एआरवर पैसे घालवू नका. टेस्टसाठी एलआर हेक्झा घ्या. अ‍ॅनहायड्रस लागतं ते बेंझिनच्या क्लोरिनेशनसारख्या ठिकाणी, जिथे पाणी चालतच नाही. शुद्धतेची खरी काळजी पाणी शुद्धीकरणात, तिथे हेच गाळ बसवायला वापरतात आणि प्यायचं पाणी असल्यामुळे शिसं, आर्सेनिक वगैरेवर मर्यादा असते, युरोपात त्यासाठी ईएन ८८८ हे स्टँडर्ड आहे.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार! मग हेक्झा तापवून पाणी उडवलं तर अ‍ॅनहायड्रस मिळेल का?

प्रतिसाद २:
नाही हो, अजिबात करू नका. पाण्याबरोबर हायड्रोजन क्लोराईडचा धूर निघतो आणि खाली ऑक्सिक्लोराईड, ऑक्साईड असलं काहीतरी उरतं.

द्रावण करताना पण पावडर पाण्यात थोडी थोडी टाका, उलटं नको, अ‍ॅनहायड्रस असेल तर प्रचंड तापतं. भांडं काचेचं नाहीतर प्लास्टिकचं, स्टीलचं बिलकुल नको, ते खाऊन टाकतं. गॉगल आणि ग्लोव्हज घालाच, कपड्यावर पडलं तर डाग जात नाही. एचिंग करता करता द्रावण हिरवट आणि स्लो व्हायला लागलं की फेरिकचं फेरस (लोखंडाचं दुसरं रूप, जे तांबं खात नाही) झालं समजा, आणि ते सिंकमध्ये ओतू नका, त्यात तांबं उतरलेलं असतं, बाटलीत भरून केमिकल कचऱ्यात द्या.