ज्यांनी मुलांना पाण्यात उतरू दिले नाही, त्यांचा सत्कार कशाबद्दल करावा?

कृष्णाकाठ (प्रश्न)

वाई तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी गेली नऊ वर्षे स्काऊट मास्टर म्हणून काम पाहतो. आमच्या स्काऊट पथकाची आणि गाइड कंपनीची (मुलींच्या पथकाची) हाईक दर हिवाळ्यात एकत्रच निघते. अडतीस-चाळीस मुले-मुली असतात, गाइड कॅप्टन आणि मी असतो आणि सोबतीला पाच-सहा स्वयंसेवक येतात. हे स्वयंसेवक म्हणजे काही पालक आणि काही माजी विद्यार्थी. त्यांना मानधन नसते, आणि पुष्कळदा एसटीच्या भाड्यातील आपला वाटाही ते स्वतःच भरतात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही कमळगडावरून उतरून धोमच्या जलाशयाच्या काठाने गाडीकडे येत असताना हातपाय धुवायला गेलेला सातवीतला एक मुलगा गाळावरून घसरून पाण्यात गेला. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने कपड्यांनिशी उडी घेऊन त्याला मिनिटभरात बाहेर काढले. त्या वर्षी स्नेहसंमेलनात त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, स्थानिक वृत्तपत्रात छायाचित्रही आले, आणि ते योग्यच होते.

गेल्या वर्षी आम्ही त्याच वाटेने आलो. या वेळी आमच्यासोबत एका स्काऊटचे आजोबा होते, जे एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले आहेत. गडावरच्या गेरूच्या विहिरीत उतरणाऱ्या अरुंद पायऱ्यांवर त्यांनी एका वेळी पाचांहून अधिक मुलांना जाऊ दिले नाही. खाली आल्यावर गाडी येईपर्यंत जवळजवळ चाळीस मिनिटे ते मुले आणि पाणी यांच्यामध्ये काठी धरून उभे राहिले. हात धुण्यासाठी त्यांनी कॅनमधले पाणी दिले आणि काठाकडे सरकणाऱ्या प्रत्येकाला मोठ्याने दटावले. मुले हिरमुसली, दोन स्वयंसेवक रुसले आणि एका पालकाने आजोबा ओरडल्याची तक्रार मुख्याध्यापकांकडे केली. त्या हाईकमध्ये कुणाला साधे खरचटलेही नाही.

यंदा सत्कारासाठी मी आजोबांचे नाव सुचवले, तेव्हा पालक-शिक्षक संघातील एका सदस्याने विचारले, “पण त्यांनी नेमके केले काय?” मला तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही. तोच पहिला प्रश्न मी येथे विचारतो.

दुसरा प्रश्न यालाच जोडून आहे. सहलींसाठी आम्ही लेखी नियम करत आहोत आणि त्यात ‘नियम मोडणाऱ्या स्वयंसेवकाचे नाव त्या वर्षी सत्कारासाठी विचारात घेतले जाणार नाही’ असे एक कलम मी घातले आहे. त्यावर काही जुनी मंडळी दुखावली असून “पदरमोड करून यायचे आणि वर सह्या करून द्यायच्या” असा त्यांचा सूर आहे. सत्कार आणि नियम यांची अशी सांगड घालणे योग्य आहे का?

---

जुना_स्काऊटर

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच लिखाणात आहे. विहिरीच्या पायऱ्या, चाळीस मिनिटे आणि पाण्याचा कॅन या तीन गोष्टी मानपत्रात आहेत तशाच लिहा. ‘निःस्वार्थ सेवेबद्दल’ असे मोघम लिहिले की कुणाचाही सत्कार कुणाच्याही नावावर खपतो. जे घडले नाही ते दाखवता येत नाही हे खरे. परंतु ते घडू नये म्हणून माणूस कुठे आणि किती वेळ उभा राहिला, हे दाखवता येते.

मात्र मला खटकली ती दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या मुलाला बाहेर काढणाऱ्याचा सत्कार झाला हे उत्तम झाले. पण तो मुलगा एकटा पाण्यापाशी पोहोचलाच कसा, त्या वेळी काठावर कोणाची नेमणूक होती आणि नसल्यास का नव्हती, याची चर्चा आपल्याकडे कधी झाली का? झाली असती, तर गेल्या वर्षी आजोबांना ते काम स्वतःहून अंगावर घ्यावे लागले नसते, ते आपल्या यादीतच असते. माझा अनुभव असा आहे की सत्काराच्या टाळ्यांत चौकशी राहून जाते, कारण अशा आनंदाच्या प्रसंगी तो विषय काढणारा माणूस कोत्या मनाचा ठरतो.

हे नियम परकीय किंवा नवे आहेत असेही कुणी समजू नये. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी 1908 साली मुलांसाठी जे पुस्तक लिहिले, त्यातील शिबिराच्या आज्ञांमध्येच असे आहे की, मुले पाण्यात असताना पट्टीचे पोहणारे दोघे जण नावेत पहाऱ्यावर सज्ज राहतील, आणि बाकी सगळे बाहेर आल्यावरच त्या दोघांना पोहता येईल. म्हणजे ज्यांना पोहण्याची सर्वांत जास्त हौस, त्यांनाच आधी कोरडे बसवायचे! त्यानंतर चारच वर्षांनी, ऑगस्ट 1912 मध्ये, लंडनच्या वॉलवर्थ भागातील स्काऊटांची शिडाची नाव लेज़डाउनजवळ टेम्सच्या मुखाशी उलटली आणि नऊ मुले गेली. त्यांना मोठ्या सन्मानाने निरोप देण्यात आला. आपल्याकडे 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका मृत्यू पावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. यांपैकी कोणत्याही ठिकाणी उडी मारणाऱ्याची वाण नसेल; ‘आज नाही’ म्हणणारा मात्र हवा होता.

राहता राहिला सन्मानाचा प्रकार. भारत स्काऊट्स आणि गाइड्समध्ये बाहेरून मदत करणाऱ्यांसाठी थँक्स बॅज आहे आणि कार्यकर्त्यांसाठी मेडल ऑफ मेरिट, सिल्व्हर स्टार अशा पायऱ्या चढत थेट सिल्व्हर एलिफंटपर्यंत जाता येते. आजोबांच्या बाबतीत थँक्स बॅजसाठी जिल्हा कार्यालयाकडे विचारणा करून पाहावी. शालीपेक्षा ते संस्थेच्या दफ्तरी राहते.

---

न्यूजर्सीकर

माझी मुलगी आणि मुलगा दोघेही येथील, म्हणजे अमेरिकेतील, स्काऊट पथकांत आहेत आणि मी चार वर्षांपासून नोंदणीकृत स्वयंसेवक आहे, म्हणून येथील पद्धतीविषयी थोडे लिहितो. ती तशीच्या तशी उचलावी असा आग्रह नाही, कारण आमच्याकडचे कागद पाहिले तर तुमचे दुखावलेले स्वयंसेवक दुसऱ्या दिवशीच राजीनामा देतील.

कोणत्याही उपक्रमाला एकवीस वर्षांवरील किमान दोन नोंदणीकृत प्रौढ हवेत, मुली असतील तर त्यांपैकी एक स्त्री हवी, आणि कोणताही प्रौढ एकट्या मुलाबरोबर इतरांच्या नजरेआड असता कामा नये. पाण्यासाठी आठ मुद्द्यांची स्वतंत्र पद्धत आहे. मुलांची आधी पोहण्याची परीक्षा होते, ज्यांना पोहता येत नाही त्यांना साडेतीन फुटांपलीकडच्या पाण्यात जाता येत नाही, प्रत्येकाला एक जोडीदार असतो, आणि साधारण दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरून वर उंचवावा लागतो. ज्याला वर धरायला हात सापडत नाही, तो ओरडतो. ही शेवटची युक्ती फुकट आहे आणि गडावरही चालते.

आता तुमच्या कलमाविषयी. त्याला माझा विरोध आहे, आणि जुना_स्काऊटर यांनी मांडलेल्या चौकशीच्या मुद्द्याशीच तो जोडलेला आहे. नियम मोडल्यास सत्कार नाही, असे ठरवले की पहिला परिणाम म्हणजे नियम मोडल्याचे कुणी सांगणार नाही. काठावरचा माणूस पाच मिनिटे फोनवर बोलत होता आणि तेवढ्यात मूल घसरून सावरले, ही गोष्ट तुम्हाला फक्त त्या माणसाकडूनच कळू शकते. त्याने ती सांगितल्यावर त्याचा सन्मान जाणार असेल, तर तो का सांगेल? म्हणून माझी सूचना अशी की, स्वतःची चूक त्याच आठवड्यात लेखी कळवणाऱ्याचे काहीही जाऊ नये. जाणूनबुजून नियम झुगारणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याला पुढच्या हाईकला नेऊच नये, मग सत्काराचा प्रश्नच उरत नाही.

एक गोष्ट मात्र अगदी कडकपणे पाळावी. सन्मान मिळाला म्हणून नियमांतून सूट मिळता कामा नये. येथे वरिष्ठ स्वयंसेवकांसाठी 1931 पासून ‘सिल्व्हर बीव्हर’ नावाचा मानाचा पुरस्कार आहे, पण तो गळ्यात असलेल्या माणसालाही बालसंरक्षणाचे प्रशिक्षण ठरावीक मुदतीने पुन्हा घ्यावेच लागते. हे शहाणपण फार उशिरा आणि फार महागात आले. लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांमुळे ‘बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका’ ही येथील संस्था 2020 साली दिवाळखोरीत गेली आणि त्या प्रकरणात 82,000 हून अधिक दावे दाखल झाले. मानाच्या माणसाला प्रश्न विचारायचा नाही, ही वृत्ती त्या आकड्यामागे किती असेल याचा विचार करावासा वाटतो.

---

दोन_गाइडची_आई

वरील चर्चेत आजोबा ओरडल्याची तक्रार सर्वांनी बाजूला ठेवलेली दिसते, म्हणून तिच्याविषयी लिहिते. ती तक्रार करणारी आई मी नाही, पण मी तिला मूर्खही म्हणणार नाही. ‘पाण्यापाशी जायचे नाही’ हा नियम मुलांना निघण्याच्या आदल्या दिवशी, शाळेच्या मैदानावर, कारणासह सांगितला असता, संघनायकांकडून (मुलांच्या छोट्या गटांच्या प्रमुखांकडून) वदवून घेतला असता आणि तोच संमतीपत्रावर छापून पालकांच्या हाती दिला असता, तर आजोबांना घसा ताणावा लागला नसता. पावसाळ्यानंतर धरणाचे पाणी ओसरत जाते तसा काठाचा गाळ उघडा पडतो, तो वरून वाळलेला दिसतो आणि खाली पाय रुततो, हे शहरातून आलेल्या पालकांना माहीतच नसते. नियम जागेवर, ओरडून, एका माणसाच्या तोंडून आला की तो मुलांना त्या माणसाचा स्वभाव वाटतो.

दुसरे असे की, संमतीपत्रे गोळा करणे, कुणाला दमा आहे आणि कुणाला कोणत्या औषधाचे वावडे आहे याची यादी करणे, प्रथमोपचार पेटीतील मुदत संपलेली औषधे बदलणे, मुलींसोबत प्रत्येक वेळी आडोशापर्यंत जाणे, ही कामे आमच्याकडे चार-पाच आया करतात. सात वर्षांत मी त्यांच्यापैकी एकीलाही मंचावर पाहिलेले नाही. मंचाखाली बसून नारळ मोजताना मात्र पाहिले आहे. सन्मान करायचाच असेल, तर त्यांचे एसटीचे भाडे शाळेने भरावे आणि कुणाला प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाला पाठवावे. ‘खरी कमाई’च्या, म्हणजे स्काऊट-गाइड मुलांनी कामे करून मिळवलेल्या, पैशांतून हे करू नये, ते पैसे मुलांचे आहेत.

सह्या करण्याचा अपमान वाटणाऱ्यांना एवढेच सांगावे की, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा तसा धोका असल्याचे कळल्यावर ते पोलिसांना कळवणे हे 2012 च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे, सही केली असो वा नसो. त्याच कागदावर 112 (आपत्कालीन मदत), 108 (रुग्णवाहिका) आणि 1098 (बालमदत) हे तीन क्रमांक छापले, तर कागदाचा उपयोगही होईल.

---

रोव्हर_एकवीस

मी रोव्हर, म्हणजे स्काऊटच्या तरुण विभागात, आहे आणि लहान मुलांच्या हाईकला मदतनीस म्हणून जातो. दोनच वाक्ये लिहिणार होतो, पण वरच्या ताईंनी दम्याचा उल्लेख केला म्हणून एक प्रसंग सांगतो. एका हाईकमध्ये चढावर एका मुलाला धाप लागली. त्याच्या आजाराची माहिती पालकांनी व्यवस्थित भरून दिली होती, आणि तो कागद त्या वेळी शाळेच्या कपाटात कुलूपबंद होता. इन्हेलर त्याच्याच सॅकमध्ये सापडले, म्हणून निभावले. तेव्हापासून मी माहितीच्या कागदांची एक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवतो आणि गाडी सुटण्यापूर्वीची मोजणी संघनायकांनी एकदा आणि मी एकदा अशी वेगवेगळी करतो. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय चालकाला हात दाखवत नाही. तरुण स्वयंसेवकांना सह्यांचा राग नसतो, सह्या केलेले कागद कुणी वाचत नाही याचा असतो.

आणि उडी मारणाऱ्या त्या माजी विद्यार्थ्याला या चर्चेत उगाच कमी लेखले जाऊ नये. त्याने पाहिले, आणि तो धावला.

---

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. ते कलम मी काढून टाकले असून त्याजागी न्यूजर्सीकरांची सूचना घेतली आहे: चूक त्याच आठवड्यात लेखी कळवणाऱ्यावर काहीही कारवाई होणार नाही. जुना_स्काऊटर, दोन वर्षांपूर्वी काठावर कोणाचीही नेमणूक नव्हती, आणि ती करण्याचे काम माझे होते. त्या माजी विद्यार्थ्याच्या सत्काराचे सूत्रसंचालन मीच केले होते, त्यामुळे हे लिहायला मला दोन दिवस लागले. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीतही ते सांगितले आहे आणि पहिला लेखी अहवाल माझ्याच नावाने दफ्तरी ठेवला आहे.

स्वयंसेवकांचे भाडे देण्याचा विषय पुढील बैठकीत आहे. शालेय सहलीला एसटीत निम्मी सवलत मिळत असल्याने रक्कम फार मोठी होणार नाही, पण खजिनदारांना पटवणे बाकी आहे. तक्रार करणाऱ्या पालकांना मी स्वतः भेटून आलो. यंदा नियम आदल्या दिवशी मैदानावर सांगणार असल्याचे ऐकल्यावर त्यांनी स्वयंसेवक म्हणून येण्याची तयारी दाखवली.

मानपत्रात विहीर, चाळीस मिनिटे आणि कॅन यांचाच उल्लेख राहील. आजोबांना काल मसुदा वाचून दाखवला. सत्काराबद्दल ते काही बोलले नाहीत. यंदा उतरायची वाट तीच आहे का, एवढे त्यांनी विचारले, कारण तीच असेल तर गेल्या खेपेला एक कॅन पुरला नव्हता आणि या वेळी दोन घ्यावे लागतील.