प्रशिक्षण कोणालाही घेता येतं

अमेरिकेत कार सीट टेक्निशियनचं, म्हणजे लहान मुलांची सीट गाडीत नीट कशी बसवायची ते पालकांना शिकवणाऱ्याचं, प्रशिक्षण फक्त नर्स आणि अग्निशमन दलवाल्यांसाठी असतं का, असं काहीजण विचारतात. तसं अजिबात नाही, साधे आईबाबाही घेतात. प्रमाणपत्र सेफ किड्स वर्ल्डवाइड ही मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणारी संस्था देते, ते दोन वर्षं चालतं.

कोर्स साधारण तीन-चार दिवसांचा. लेखी परीक्षा असते, पण खरं शिक्षण गाडीच्या मागच्या सीटवर गुडघा रोवूनच होतं. सीट घट्ट बसली का ते पाहायला पट्टा जिथून ओवलाय तिथेच धरून हलवायची. एक इंचाहून जास्त सरकली तर पुन्हा बसवा. बरेच पालक वरचं टोक धरून हलवतात आणि उगाच घाबरतात. मग बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडून बघायचा, घडी हातात आली तर तो सैल आहे. थंडीतलं जाडजूड जॅकेट तर आधी उतरवायचंच, त्यावरून पट्टा घट्ट झाल्यासारखा नुसता वाटतो.

शेवटी खऱ्या पालकांसाठी तपासणी शिबिर असतं. तिथली पद्धत मला मनापासून पटते: सीट आपण बसवून द्यायची नाही, त्यांच्याकडूनच बसवून घ्यायची. महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी हे कराच. नातवंडांसाठी इथे येणाऱ्या आजी-आजोबांना मराठीतून शिकवणारं माणूस हवंच आहे.