मराठीसाठी स्वतंत्र मॅस्टोडॉन सर्व्हर: उभारावा की नको?

अक्षरयात्री
उभारावा, असं माझं ठाम मत आहे. मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम एका कंपनीच्या नाही, तर कुणालाही उभारता येणाऱ्या, एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरवर चालतं. सर्वसाधारण सर्व्हरवर नवा मराठी माणूस आला की स्थानिक टाइमलाइनवर, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या पोस्टच्या यादीत, त्याला इंग्रजी नाहीतर जर्मनच दिसतं. त्याचं मन रमणार कसं? शिवाय मराठीतली शिवीगाळ तिथल्या मॉडरेटरला (तक्रारी निस्तरणाऱ्याला) वाचताच येत नाही, मग तक्रार करून उपयोग काय? शंभरेक जणांसाठी ४ जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर पुरतो. पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस (तात्पुरता साठा), साइडकिक (मागची कामं रांगेने उरकणारं), पुढे एनजिनएक्स (वेब सर्व्हर), एवढाच पसारा.

कातळवाट
असहमत. उभारणी एका शनिवारात होते, प्रश्न पुढचा आहे. आपले सदस्य बाहेरच्या ज्या खात्यांना फॉलो करतात, त्यांचे फोटो-व्हिडिओसुद्धा आपल्या डिस्कवर साठतात. आपल्या लोकांचा मजकूर किरकोळ असतो, जागा खातात ती ही परकी चित्रं. डिस्क भरली की पोस्टग्रेसला लिहायला जागा उरत नाही आणि अख्खा सर्व्हर ठप्प होतो.

नीरजा_स
@कातळवाट, याला उपाय आहे. बाहेरून आलेली माध्यमं ७ दिवसांनी पुसायची सोय प्रशासनाच्या सेटिंगमध्येच आहे. आपल्या सदस्यांची चित्रं मात्र पहिल्या दिवसापासून ऑब्जेक्ट स्टोरेजवर (फाइलींसाठी भाड्याने मिळणाऱ्या वेगळ्या जागेत) ठेवा, नंतर हलवणं फार किचकट जातं. खरी ठेच ईमेलला लागते. बऱ्याच क्लाउड कंपन्या मेल बाहेर पाठवायचं २५ क्रमांकाचं पोर्ट (जोडणीचं दार) बंद ठेवतात. नोंदणीचा मेल जात नाही, साइडकिक तोच मेल पुन्हा पुन्हा पाठवत बसतं आणि सदस्य वाट बघून निघून जातो. मेलची सेवा विकत घ्या, ५८७ पोर्ट वापरा, मेल खरंच आपलाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी डोमेनवर घाला.

कातळवाट
यंत्राचं मान्य, माणसांचं काय? मॅस्टोडॉन डॉट लोल हा हजारो खात्यांचा सर्व्हर २०२३ मध्ये बंद झाला, कारण चालवणारा एकटा माणूस तिथल्या भांडणांना कंटाळला. दुसरीकडे जाताना फॉलोअर नेता येतात, जुन्या पोस्ट नेता येत नाहीत. लोकांनी मनापासून लिहिलेलं मराठी असं वाऱ्यावर सोडायचं? फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पॅमवाल्यांनी नेमके असेच छोटे, खुल्या नोंदणीचे, कुणी फिरकत नसलेले सर्व्हर वापरले. त्यानंतर आठवडाभर मॉडरेटर दिसला नाही तर खुली नोंदणी आपोआप मंजुरीवर जाते, अशी तरतूद मॅस्टोडॉनला करावी लागली.

अक्षरयात्री
म्हणूनच नोंदणी मंजुरीनेच ठेवायची. अर्जात 'इथे का यायचंय' हे मराठीत दोन ओळी लिहायला सांगा, बरेचसे बॉट तिथेच गळतात. शिवाय २०२१ च्या आयटी नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. तेव्हा जबाबदार माणूस आधी ठरवायचा, सर्व्हर मागाहून.

नीरजा_स
आणि बॅकअप! नुसता डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) पुरत नाही. गुप्त किल्ल्या असलेली कॉन्फिगरेशन फाइल गेली तर डंप असूनही सर्व्हर धड उभा राहत नाही. डंप महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर चढवून बघा. डोमेनचंही तसंच, सर्व्हर सुरू झाल्यावर ते बदलता येत नाही. 'एएफ' हे अफगाणिस्तानचं शेपूट; क्वीअर डॉट एएफ या सर्व्हरचं डोमेन २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या नोंदणी यंत्रणेने काढून घेतलं. गमतीदार शेपटाच्या मोहात पडू नका, डॉट इन घ्या.

कातळवाट
डोमेनच्या खात्याचा पासवर्ड आणि नूतनीकरणाचे पैसे किमान तिघांच्या हाती असतील, तर माझा विरोध मागे. एकटा कुणी पुढे येत असेल तर विरोध कायम.