वाचता न येणं लपवताना: सोलापूरकरांचे अनुभव

डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा दोष नाही, बुद्धीचाही नाही. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड पटकन बसत नाही, एवढंच. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. पण त्याआधीच 'ढ' ठरून शाळेबाहेर पडलेल्यांचं काय? मोठेपणी वाचायला शिकला असाल तर सांगा. बोलून टाईप केलंत तरी चालेल, शुद्धलेखन कुणी काढणार नाही.

जॅकार्ड कारागीर, अशोक चौक
आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी. मास्तर म्हणायचे, भाषेचा घोळ आहे. पण धाकटा भाऊ त्याच घरातला, तो घडाघडा वाचायचा की! मी शाळा सोडून मागावर गेलो. चादरीच्या नक्षीचा ग्राफ समोर ठेवा, चौकटी बघून कार्डावर बरोब्बर भोकं पाडणार, त्या भोकांवरूनच जॅकार्डचा माग नक्षी विणतो. एक चुकलं तर मोराच्या मानेत खोट दिसते. पण माल आला की पावती वाचताना घाम फुटायचा. "चष्मा घरी राहिला" हे मी चष्मा लागायच्या आधीपासून म्हणतोय.

पुढं मुलीचं तेच सुरू झालं. तिला तपासणाऱ्या बाईंनी मलाच विचारलं, "तुमचं वाचन कसं आहे?" मग तिच्याशेजारी बसलो. म-भ, घ-ध बोटानं चादरीवर गिरवायचे, तोंडानं आवाज काढत. सगळ्यात छळलं पहिल्या वेलांटीनं. 'कि' लिहिताना वेलांटी आधी, बोलताना क आधी! आता ओळीखाली पट्टी धरून पेपर वाचतो. हळू, पण वाचतो.

विडी कामगार
मलाही हेच असेल वाटलेलं. पण सुनेनं शिकवलं तसं भराभर आलं. मला शाळाच मिळाली नव्हती, दुसरं काही नाही. माझ्या बहिणीचं वेगळं. ती चौथीपर्यंत गेलेली, सुनेकडं शिकायला माझ्यासोबतच बसायची, काल आलेलं अक्षर आज अनोळखी. दोन्ही एकच समजू नका.

रिक्षावाला, एस.टी. स्टँड
मंगळवेढा आणि मोहोळ, दोन्ही म. नावाच्या लांबीवरून गाडी ओळखायचो. नवीन गाव आलं की "कुठली ओ ही?" व्हॉट्सॲपला फक्त आवाज पाठवायचा. आता पोरगा रोज थोडं वाचून घेतो. दुकानाच्या पाट्या जमतात. लग्नपत्रिका मात्र, ती वेलबुट्टीची अक्षरं बघितली की सरळ बायकोकडं.