प्रतिसाद: खरेदीखत नोंदलं की झालं?

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवलं की सातबारा आपोआप नावावर होतो. अर्धंच खरं. नोंदणीची माहिती आता ऑनलाइन तलाठ्याकडे जाते, पण पुढे फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) धरला जातो, संबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीला 15 दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली की प्रकरण लांबतं. आमच्या काकांनी दस्त कपाटात ठेवून दिला. सातबाऱ्यावर सहा वर्षं जुन्याच मालकाचं नाव! म्हणून सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) हाती आला की फेरफार क्रमांक विचाराच. शहरात सिटी सर्व्हे झाला असेल तर सातबारा नाही, मिळकत पत्रिका (तिथला मालकीचा उतारा) बघायची.

दुसरं, मुदतीबद्दल. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी दाखल करायचा (1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 23). ही मुदत टळली तर आणखी चार महिने मिळू शकतात, पण दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत. स्टँप ड्युटी वेगळी, तिचा याच्याशी घोळ घालू नका.

आणि घरपट्टीच्या पावतीवर नाव आलं म्हणजे मालकी सिद्ध झाली, हे कृपया कुणी सांगू नये.