मदत हवी आहे: रिअ‍ॅक्शन सर्च केला की एकतर हजारो नोंदी, नाहीतर एकही नाही

विरळद्रावण

२-अमिनो-६-क्लोरोपिरिडीनवर सुझुकी कपलिंगची (पॅलेडियमच्या मदतीने बोरॉनवाल्या संयुगातला कार्बन जोडण्याची) कृती शोधतोय. अट एकच: अमिनो गट मोकळा हवा, बॉक किंवा अ‍ॅसिटिल लावून झाकलेला नको. सायफाइंडर आणि रीअ‍ॅक्सिस हे दोन्ही रासायनिक डेटाबेस सध्या वापरता येतात, पण ही सोय आता थोडेच दिवस आहे.

आधी शब्दांनी शोधलं. सुझुकी, अमिनोक्लोरोपिरिडीन आणि अनप्रोटेक्टेड हे तिन्ही 'अँड'ने जोडले, हाती जवळजवळ काहीच आलं नाही. मग रचना काढली: सुरुवातीचं संयुग, बोरॉनिक आम्ल आणि प्रॉडक्ट. एक्झॅक्ट सर्चला शून्य. तेच चित्र सब्स्ट्रक्चरला (म्हणजे तो तुकडा असलेले सगळे रेणू) टाकलं तर हजारो नोंदी, त्यात अमाइड, बॉकवाली संयुगं आणि चक्क क्विनोलिनसुद्धा.

चित्रात चूक कुठे होतेय? आणि सबस्क्रिप्शन गेल्यावर फुकटात काय हाताशी राहतं?

निळीशाई

शब्द तूर्त बाजूला ठेवा. 'अनप्रोटेक्टेड' हा शब्द लेखक लिहीलच असं नाही. मोकळ्या अमिनोवर ज्याचं कपलिंग सहज झालं, त्याला ते वेगळं सांगावंसंही वाटत नाही; ते संयुग तक्त्यात कुठेतरी अकराव्या ओळीत बसलेलं असतं. शीर्षकात नाही, सारांशात नाही. म्हणून कृती शोधायची तर रचनेनेच.

आता चित्र. सब्स्ट्रक्चर सर्चमध्ये जिथे तुम्ही हायड्रोजन दाखवला नाही, ती प्रत्येक जागा 'इथे काहीही चालेल' अशी वाचली जाते. नायट्रोजन नुसता दाखवून सोडलात की अमाइड, बॉक, डायमिथिल सगळे आत येतात. सायफाइंडरच्या संपादकात अणूला कुलूप लावायचं साधन आहे, ते घेऊन अमिनोच्या नायट्रोजनवर क्लिक करा. रीअ‍ॅक्सिसमध्ये तिथले दोन्ही हायड्रोजन चित्रात स्पष्ट दाखवा. क्विनोलिन येतात त्याचं कारण वेगळं: पिरिडीनच्या वलयाला दुसरं वलय जोडलेलं चालेल का, हे तुम्ही सांगितलेलंच नाही. त्यासाठी वलयाचं कुलूप असतं. ही दोन कुलपं वेगवेगळी आहेत. एक लावलं म्हणून दुसरं लागत नाही.

एक्झॅक्टला शून्य आलं, कारण तुम्ही नेमका तोच बोरॉनिक आम्लाचा रेणू मागितलात. एखाद्याने त्याऐवजी पिनॅकॉल एस्टर किंवा ट्रायफ्लुओरोबोरेट ही बोरॉनचीच दुसरी रूपं वापरली असतील तर ती नोंद गळते. बोरॉन चित्रात घेऊच नका. डाव्या बाजूला फक्त क्लोरोपिरिडीन, उजव्या बाजूला त्याच कार्बनवर फेनिल वलय, आणि फेनिलचे बाकीचे कोपरे उघडे.

मग मॅपिंग करा, हे फार जण वगळतात. डावीकडचा क्लोरीनवाला कार्बन आणि उजवीकडचा फेनिलवाला कार्बन हा एकच अणू आहे, हे मॅपिंगच्या साधनाने जोडून दाखवा, आणि नवा कार्बन-कार्बन बंध 'इथे तयार झाला' असा खुणावा. हे केलं नाही तर सुरुवातीच्या संयुगात क्लोरोपिरिडीन कुठेतरी आहे आणि प्रॉडक्टमध्ये फेनिलपिरिडीन कुठेतरी आहे, एवढ्यावर नोंद जुळते. प्रत्यक्ष बदल भलतीकडेच झालेला असतो.

विरळद्रावण

धन्यवाद. दोन्ही कुलपं लावली आणि मॅपिंग केलं. अमाइड गेले, क्विनोलिन गेले, यादी वाचण्याजोगी झाली. आता क्लोरीनच्या जागी कुठलाही हॅलोजन, म्हणजे एक्स, टाकून पाहू का? आणि यील्ड (मिळालेल्या प्रॉडक्टचं प्रमाण) ७० टक्क्यांच्या वर असा फिल्टर लावला तर निम्म्या नोंदी उडाल्या, हे बरोबर आहे ना?

निळीशाई

एक्स टाका, पण वेगळा सर्च म्हणून. ब्रोमाइडवर चाललेली साधी परिस्थिती क्लोराइडवर चालेलच असं नाही. कार्बन-क्लोरीन बंधात पॅलेडियम शिरायला जड जातं, म्हणून तिथे एसफॉस, एक्सफॉससारखे भरगच्च, इलेक्ट्रॉनसमृद्ध फॉस्फिन वापरलेले दिसतील. दोन्ही याद्या मिसळल्या की हा फरक दिसत नाही आणि माणूस ब्रोमाइडची कृती क्लोराइडवर लावून बसतो. त्याच रांगेतली आणखी दोन अक्षरं माहीत असू द्या: ए म्हणजे हायड्रोजन सोडून कुठलाही अणू, क्यू म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन सोडून कुठलाही.

यील्डचा फिल्टर सगळ्यात शेवटी, तोही जपून. तो कमी यील्डच्या नोंदींसोबत यील्ड न नोंदवलेल्या नोंदीही उडवतो, आणि पेटंटमधल्या पुष्कळ नोंदींना यील्ड नसतंच. आधी 'एकच पायरी' हा फिल्टर लावा, कारण बहुपायरी मार्गांची सुरुवात आणि शेवट जुळला तरी ते यादीत येतात. मग उत्प्रेरक बघा.

ताम्रपट

पेटंटबद्दल एक भर. उदाहरण भूतकाळात लिहिलंय की वर्तमानकाळात, ते बघा. अमेरिकी पेटंटमध्ये प्रत्यक्ष न केलेलं, कागदावरचं उदाहरण भूतकाळात लिहायचं नाही अशी रीत आहे. 'मिश्रण ढवळले जाते' असं असेल तर ते कदाचित कुणी ढवळलेलंच नाही. 'ढवळले, गाळले, इतके ग्रॅम मिळाले' आणि खाली एनएमआर (रचना पटवणारा वर्णपट) असेल, तर त्यावर भरवसा ठेवता येतो.

दुसरं, ज्यांना कॅस नंबरवर (पदार्थाच्या नोंदणी क्रमांकावर) विसंबायची सवय आहे त्यांच्यासाठी. नंबर म्हणजे एक पदार्थ, एक रूप. निर्जल कॉपर सल्फेट ७७५८-९८-७ आणि त्याचं पेंटाहायड्रेट ७७५८-९९-८, असे दोन वेगळे नंबर आहेत. ग्लुकोजमध्येही अल्फा आणि बीटा रूपांचे वेगळे. म्हणजे मोकळ्या अमाइनच्या नंबरने शोधलंत तर त्याच्या हायड्रोक्लोराइडवर केलेलं काम दिसणार नाही. आधी रचनेने शोधून सगळ्या रूपांचे नंबर जमवा आणि मग 'ऑर'ने जोडा.

नंबर हाताने उतरवताना चुकतो, तो तपासता येतो. शेवटचा आकडा सोडून उजवीकडून अनुक्रमे १, २, ३ ने गुणत चला. पेंटाहायड्रेटसाठी ९×१, ९×२, ८×३, ५×४, ७×५, ७×६. बेरीज १४८, शेवटचा अंक ८. तो नंबरच्या शेवटच्या आकड्याशी जुळलाच पाहिजे.

शब्दवेल्हाळ

शब्दांचा सर्च अगदीच टाकून देऊ नका. नुकत्याच आलेल्या पेपरची अनुक्रमणी पूर्ण व्हायला वेळ लागतो, तोवर तो रचनेने सापडत नाही, शब्दाने सापडतो. मात्र कंस घातल्याशिवाय शोधू नका. 'निकेल अँड कपलिंग ऑर अरायलेशन' असं लिहिलंत तर पेपरांच्या डेटाबेसांपैकी वेब ऑफ सायन्स आधी 'अँड' सोडवतं, म्हणजे निकेलचं कपलिंग, अधिक जगातलं सगळं अरायलेशन. स्कोपस आधी 'ऑर' सोडवतं, म्हणजे निकेलसोबत कपलिंग किंवा अरायलेशन. पबमेड डावीकडून उजवीकडे जातं. ओळ तीच, उत्तरं निराळी. 'कपलिंग ऑर अरायलेशन' कंसात टाका, तिन्हीकडे एकच अर्थ होतो.

स्कोपसमध्ये दुहेरी अवतरणचिन्हं सैल असतात, काटेकोर शब्दसमूहासाठी महिरपी कंस.

स्पेलिंगही बघा. सल्फर एफने आणि पीएचने, अ‍ॅल्युमिनियम शेवटच्या आयसह आणि आयशिवाय. कॅटलाइज्ड ब्रिटिशमध्ये एसने, अमेरिकनमध्ये झेडने, म्हणून * हे चिन्ह 'कॅटॅलिस'च्या एसनंतर नको, त्याच्या आधीच्या वायनंतर टाका.

आणि 'नॉट बॉक' असं लिहू नका. मोकळं आणि बॉकवालं अमाइन शेजारीशेजारी तपासलेला पेपर नेमका त्यानेच उडतो, आणि तुम्हाला तोच हवा आहे.

विरळद्रावण

'नॉट बॉक' केलं होतं. काढलं, तशी तुलना असलेला पेपर मिळाला. पण त्यात कृती एका ओळीत आहे: 'जनरल प्रोसीजर बी'.

निळीशाई

पेपरसोबतची सपोर्टिंग इन्फर्मेशनची फाइल उघडा. आम्लारीचं प्रमाण, पाणी किती, वायू काढून टाकण्याची पद्धत, स्तंभाचा द्रावक हे सगळं तिथे असतं. डेटाबेसच्या नोंदीत तापमान आणि वेळ दिसली म्हणून तेवढ्यावर कृती करू नका; नोंद तयार होताना तपशील गाळले जातात.

ताम्रपट

फुकटच्या सोयींबद्दल. पबकेम या रेणूंच्या डेटाबेसमध्ये रचना काढून सब्स्ट्रक्चर सर्च होतो. कंपाउंड आणि सब्स्टन्स यांत गल्लत करू नका: सब्स्टन्स म्हणजे कुणीतरी जमा केलेली नोंद, कंपाउंड म्हणजे त्यांतून एकत्र केलेली रचना. तिथली पेटंटची यादी यंत्राने काढलेली आहे. संयुगाचा नुसता उल्लेख असलेलं पेटंटही त्यात येतं, त्यामुळे 'इथे बनवलं' असं गृहीत धरू नका. पबकेमवरून इंचीकी (रचनेवरून बनलेली अक्षरांची ओळख) उचला आणि तिची पहिली १४ अक्षरं साध्या सर्च इंजिनात टाका. अणूंची जोडणी तीच असलेले सगळे त्रिमितीय समघटक एकदम सापडतात. कॅस कॉमन केमिस्ट्रीत नेहमीच्या पदार्थांचे नंबर मोफत आहेत. वर्णपटांसाठी जपानचा एसडीबीएस, भौतिक गुणधर्मांसाठी निस्टचं वेबबुक.

तुमच्या कामासाठी ऑर्गॅनिक सिंथेसिस आधी चाळा. १९२१ पासून चालू आहे, मोफत आहे, आणि प्रत्येक कृती छापण्याआधी दुसऱ्या प्रयोगशाळेत करून तपासलेली असते. नेमकं तुमचं संयुग नसेल, पण हेटेरोअरायल क्लोराइडचं (तुमच्या पिरिडीनसारख्या वलयावरच्या क्लोरीनचं) कपलिंग कशाने बिघडतं हे तिथल्या टिपांमध्ये नीट लिहिलेलं सापडतं.

शब्दवेल्हाळ

सबस्क्रिप्शन आहे तोवर दोन गोष्टी करून ठेवा. प्रत्येक सर्चची ओळ किंवा चित्र, तारीख, डेटाबेस, फिल्टर आणि नोंदींची संख्या एका फाइलमध्ये टिपा. आणि निवडलेल्या नोंदी डीओआयसकट (पेपरचा कायमचा क्रमांक) आरआयएस या संदर्भांच्या फाइलमध्ये उतरवा. चित्र नुसतं स्क्रीनशॉट म्हणून नको, मोल फाइल (अणू आणि बंध नोंदवणारी फाइल) म्हणून जतन करा. ती पबकेमच्या संपादकातही उघडते. कुलपं आणि मॅपिंग मात्र दुसरीकडे नेताना बहुधा गळतात, ती चित्राशेजारी शब्दांत लिहून ठेवा.