कुलाबा किल्ला चालत जायचाय, ओहोटीचं गणित कसं बसवायचं?

डोंबिवलीकर: मुंबईहून अलिबाग, पुढे कुलाबा किल्ला पायी. सोबत सत्तरीचे वडील आणि ९ वर्षांची मुलगी. येत्या शनिवारी वद्य चतुर्थी आहे. किती वाजता निघावं? घोडागाडी नको, वडिलांना चालायचंच आहे.

नाखवा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी ३ ला पूर्ण भरती. त्याआधी सव्वासहा तास, म्हणजे पावणेनऊला पूर्ण ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच वेळ पक्की करा. साडेसातला निघा, पावणेदहाला किनाऱ्यावर परत.

डोंबिवलीकर: त्याच दिवशी निघून साडेसातला पोचणं कठीण. सप्तमीला ओहोटी अकराला येते, तो दिवस घेतला तर?

नाखवा: नको. सप्तमी-अष्टमी भांगाचे दिवस. पाणी चढतं कमी तसं उतरतंही कमी, मधल्या सखल पट्ट्यात राहूनच जातं. सगळ्यात जास्त वाळू उघडी पडते ती पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेला. चतुर्थी चालेल, पंचमीपुढे ताणू नका. शुक्रवारी मुक्कामाला या.

खडपी: परतीच्या वेळेबाबत अजिबात ढिलाई नको. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याइतकंच वाढतं, त्यामुळे माणसं निवांत फोटो काढत बसतात. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र प्रत्येकी पाव हिस्सा चढतो. एकूण फरक ४ मीटर धरला तर तासाला १ मीटर! शिवाय सखल पट्टा आधी भरतो, किल्ल्याजवळची वाळू तेव्हा कोरडीच दिसते.

पायात पट्ट्यांच्या सँडल हव्यात. चप्पल ओल्या वाळूत रुतते, अनवाणी गेलं तर खडकांवरची कालवं पाय कापतात. हिरवं शेवाळ दिसलं की वळसा घाला, वडिलांना काठी द्या.

आक्षीकर: आत तासभर पुरतो. गणपतीचं मंदिर (राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं), गोड्या पाण्याचं तळं, चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा. तटाचे चिरे मुलीला जरूर दाखवा. मोठाले दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. शेजारचा छोटा किल्ला सर्जेकोट या खेपेला सोडा.

पावसाळ्यात मात्र ओहोटीचं गणित बसलं तरी जाऊ नका, लाटांचा भरवसा नाही.

खडपी: आणि उशीर झालाच तर पाण्यात उतरू नका. किल्ल्यातच थांबा, होडी मिळते का बघा. पुढची ओहोटी रात्री नऊची, अंधारात चालायची नाही.